दहा बाय दहाच्या खोलीतलं थिएटर

पुण्यात तापकीर गल्लीतल्या दुकानात किंवा एखाद्या मोठ्या शोरूममध्ये होम थिएटर ऐकताना छातीत धडधडतं. तोच खोका कामशेतला किंवा वडगावला घरी आणून जोडला की संवाद घुमतात, ढोलाचे ठोके एकमेकांत मिसळतात आणि आवाज वाढवावा तसा गलकाच वाढतो. गिऱ्हाइकाला वाटतं, दुकानदाराने दाखवला एक माल आणि गळ्यात मारला दुसरा. बहुतेक वेळा माल तोच असतो, खोली बदललेली असते. दुकानातल्या त्या खास खोलीत जाड गालिचा असतो, भिंतींवर कापड चढवलेले तक्ते असतात, बसायला गुबगुबीत सोफे असतात. आपल्याकडे खाली गुळगुळीत फरशी, चहूबाजूंनी प्लास्टर, वर स्लॅब आणि समोर काचेचं शोकेस.

म्हणून पंधरा-वीस हजारांत घरी सिनेमाचा आवाज आणायचा असेल, आणि टीव्ही घरात आहेच असं धरलं, तर माझ्या मते क्रम असा असावा: आधी खोली, मग पुढचे दोन स्पीकर, आणि बाकीचं सगळं त्यानंतर. विक्रेता हा क्रम सांगणार नाही. खोली त्याच्याकडे विकायला नसते.

कठीण पृष्ठभाग आवाजाचं काय करतात हे ऐकायला मावळातल्या माणसाला लांब जायला नको. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तेवढंच उंच आहे. कातळ आवाज शोषत नाही, परत फेकतो. गर्दी नसताना आत शिरून एखादं वाक्य भराभर बोलून पाहावं. पहिला शब्द विरायच्या आत तिसरा येऊन त्यावर बसतो. संथ लयीतल्या पठणाला हे घुमणं शोभतं. दोन पात्रांचं कुजबुजतं भांडण त्यात बुडून जातं. आपल्या रिकाम्या खोलीतही लहान प्रमाणावर हेच चाललेलं असतं.

यावरचा स्वस्त उपाय शोधला वॉलेस सबाइन नावाच्या एका तरुण प्राध्यापकाने. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाचं व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलं होतं, कारण तिथे बोललेला शब्द विरायला सुमारे साडेपाच सेकंद लागत. सबाइनने रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांच्या गाद्या उचलून आणायला सुरुवात केली. ऑर्गनची एक नळी वाजवायची, ती थांबवायची, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा, मग आणखी गाद्या टाकून पुन्हा मोजायचं. सकाळी गाद्या जागच्या जागी. या रात्रपाळीतून एक साधं सूत्र निघालं आणि सभागृहं बांधणारे आजही त्यावर विसंबतात: खोलीचं घनमीटरमधलं घनफळ गुणिले ०.१६, भागिले खोलीतलं एकूण शोषण. उत्तर येतं ते आवाज विरायला लागणाऱ्या सेकंदांचं.

हे सूत्र आपल्या दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीला लावू. घनफळ सुमारे २८ घनमीटर. भिंती, फरशी आणि छत मिळून ५६ चौरस मीटर. प्लास्टर आणि फरशी त्यांच्यावर पडलेल्या आवाजापैकी दोन-तीन टक्केच शोषतात, म्हणजे एकूण शोषण दीडच्याही आत. उत्तर येतं तीन सेकंदांच्या वर. आता दोन भिंतींवर एकेक मोठी गोधडी टांगली आणि खिडकीला जाड पडदा लावला, तर साधारण १० चौरस मीटर कापड होतं. ते निम्मा आवाज शोषतं असं धरलं तर शोषण साडेसहाच्या घरात जातं आणि तीन सेकंदांचे सात दशांश सेकंद होतात. खाली सतरंजी, एक पलंगावरची गादी आणि घरची चार माणसं धरली की उत्तर आणखी खाली येतं. हे कागदावरचं गणित आहे, प्रत्यक्षात दारं-खिडक्या आणि कपाटं त्यात फेरफार करतात. तरी गोधडीइतका फरक पाडणारी दुसरी कुठलीही वस्तू त्या किमतीत बाजारात नाही, आणि ती बहुधा माळ्यावर पडलेलीच असते.

गोधडी भिंतीला चिकटवू नये. मागे तीन-चार इंच पोकळी राहील अशी दांडीवर टांगली तर ती जास्त खालच्या स्वरांपर्यंत काम करते, आणि ओल्या भिंतीपासून वाचते. नेमकी कुठे टांगायची हे शोधायला आरसा पुरतो. आपण नेहमीच्या जागी बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. आरशात जिथे स्पीकर दिसतो, तिथूनच त्याचा आवाज उसळून आपल्या कानावर येतो. गोधडी तिथे हवी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा उद्योग कोणी सुचवला तर ऐकू नये. पातळ पुठ्ठा फार तर वरच्या स्वरांना थोडा आवरतो, आणि आपल्या हवेत त्याला बुरशी धरते. थर्माकोल जवळजवळ काहीच शोषत नाही आणि पेट मात्र पटकन घेतो.

गोधडीची हद्द जिथे संपते तिथून सबवूफरचं राज्य सुरू होतं. ४० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट सुमारे २८ फूट लांब असते. तिला पडदा म्हणजे काहीच नाही. ही लाट समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकते आणि खोलीच्या मापाप्रमाणे एखादाच स्वर फुगतो. दहा फुटांसाठी तो ५६ हर्ट्झच्या आसपास येतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट असेल तर तिन्हीकडून तोच स्वर फुगतो. चौरस खोली म्हणूनच वाईट, आणि आपल्याकडे ठेकेदारांना नेमकी तीच प्रिय. एका कोपऱ्यात कानठळ्या बसतात आणि खोलीच्या मध्यावर ठोका नाहीसा होतो, तो यामुळे. घरात बारा बाय पंधराची खोली असेल तर थिएटर तिथे करावं आणि दहा बाय दहाच्या खोलीत झोपावं.

सबवूफरची जागा शोधायची रीत थोडी हास्यास्पद आहे, पण अचूक आहे. सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, ठेक्याचं एखादं गाणं लावायचं आणि भिंतीकडेने रांगत फिरायचं. ठोका जिथे सुटा आणि स्वच्छ ऐकू येतो ती सबवूफरची जागा. शेजारी खिडकीतून बघून काय म्हणायचं ते म्हणोत. शेजाऱ्यांचा खरा विचार नंतर करायचा आहे, कारण खर्ज भिंतीतून आरपार जातो. रहिवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सामाईक भिंतीच्या चाळीत किंवा रो-हाउसमध्ये सबवूफर त्या भिंतीला टेकवून ठेवणं म्हणजे भांडणाला निमंत्रण.

आता खरेदी. खोक्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’ असं छापलेलं दिसलं की तो आकडा सोडून पुढे वाचावं. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य रीतच नाही. बघायचा आकडा आरएमएसचा, आणि तोही थोडा पुरतो. सर्वसाधारण स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८५ ते ८८ डेसिबल देतो. शिवाय वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने चढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. लहान खोलीत रोजचा सिनेमा पाच-दहा वॅटांत निघतो, बाकीची ताकद अधूनमधून होणाऱ्या स्फोटांसाठी. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी आपल्या सगळ्यांचे कान बिघडवले आहेत, म्हणून वॅटचा आकडा एवढा खपतो.

दुसरी फसगत जास्त महागात पडते. ५.१ म्हणजे पुढे तीन, बाजूला-मागे दोन आणि एक सबवूफर. सिनेमात या सहा ठिकाणांसाठी सहा वेगळे आवाज ध्वनिमुद्रित केलेले असतात. स्वस्तातल्या बऱ्याच ‘५.१’ संचांना हे सहा आवाज उलगडताच येत नाहीत. त्यात ब्लूटूथ, पेनड्राइव्ह आणि एफएम असतं. ब्लूटूथवरून घरी येतात ते दोनच आवाज, आणि संच तेच दोन पाच डब्यांत वाटून देतो. मागच्या स्पीकरमधून नायक बोलू लागला की समजावं, आपण पाच डबे विकत घेतले आहेत. घेताना खोक्यावर डॉल्बी डिजिटलचं चिन्ह आणि मागच्या बाजूला ऑप्टिकल किंवा एआरसी लिहिलेलं एचडीएमआयचं भोक आहे का, एवढं पाहावं. घरी आल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’वर असेल तर तो ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर करावा. नाहीतर ऑप्टिकल तारेतूनही दोनच आवाज जातात, आणि चांगला संच घेऊनही घरचे म्हणतात, फरक काही पडला नाही.

तरीही पंधरा-वीस हजारांत नवे पाच बरे स्पीकर येत नाहीत. त्या पैशांत एक तर सबवूफरसह साउंडबार घ्यावा किंवा आतच अॅम्प्लिफायर असलेली बुकशेल्फ स्पीकरांची एक चांगली जोडी. मी जोडीच्या बाजूचा आहे. साउंडबारची लांबी दोन-तीन फूट, त्यामुळे डावं-उजवं अंतर पडत नाही. जोडी सहा फूट अंतरावर ठेवली की दोघांच्या मधोमध, जिथे काहीच नाही तिथून, माणूस बोलल्यासारखा ऐकू येतो. यातली मेख अशी की हा भास मधल्या जागेवर बसलेल्यालाच होतो. सहा माणसं सतरंजीवर ओळीने बसणार असतील तर कडेच्या माणसाला संवाद जवळच्या स्पीकरमधून येतात. अशा घराला साउंडबार किंवा मधला तिसरा स्पीकर लागतोच, कारण सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या वाटेनेच, म्हणजे मधल्या चॅनलनेच येतात. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ तर एकाच वाटेचा आहे. त्याला ‘सराउंड’चं बटण दाबून भामचंद्र-भंडाऱ्याच्या डोंगरांत फिरवू नये, मधूनच ऐकावा.

तिसरा मार्ग जुन्या मालाचा, आणि लोणावळ्याला तो इतर गावांपेक्षा सोपा आहे. लोणावळा-खंडाळ्याचे बंगले हात बदलतात किंवा नव्याने सजतात तेव्हा जुने एव्ही रिसीव्हर आणि स्पीकर निघतात. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहेच. जुन्या रिसीव्हरचं एचडीएमआय मेलेलं असलं तरी ऑप्टिकल चालत असेल तर डॉल्बी डिजिटल ५.१ पूर्ण मिळतं, आणि त्या एका दोषापायी किंमत पडलेली असते. घेण्याआधी सगळ्या वाटा एकेक करून वाजवून घ्याव्यात, व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर होते का ऐकावं, आणि स्पीकरची जाळी काढून शंकूभोवतीची कडा बघावी. ती कडा फोमची असेल तर दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत भुगा होते. रबराची टिकते. खोक्याच्या तळाचं एमडीएफ फुगलेलं असेल तर त्या स्पीकरने पावसाळे बंद खोलीत काढले आहेत.

मांडणीत आपल्याकडे सर्वांत जास्त चूक उंचीची होते. टीव्ही दाराच्या चौकटीएवढा उंच, स्पीकर शोकेसवर छताशी, आणि माणसं फरशीवर. तारस्वर सरळ रेषेत जातात, म्हणजे ते सगळे डोक्यावरून मागच्या भिंतीवर आपटतात. खाली बसणाऱ्याचा कान फरशीपासून अडीच फुटांवर असतो. स्पीकर तेवढ्या उंचीवर आणावेत किंवा खाली कललेले बसवावेत. पुढचे दोन आणि आपण यांचा समभुज त्रिकोण झाला की बस्स. मागचे दोन खरं तर पाठीमागे नसतात. समोरून मोजलं तर ते ११० अंशांवर येतात, म्हणजे कानाच्या जरा मागे. रिसीव्हरमध्ये अंतरं टेपने मोजून भरावीत. आवाज एक फूट जायला साधारण एक हजारांश सेकंद घेतो, त्यामुळे चार फुटांवरचा आणि नऊ फुटांवरचा स्पीकर एकत्र वाजले तरी एकत्र पोचत नाहीत. रिसीव्हर जवळच्याला तेवढं थांबवतो.

तारेवर पैसे घालू नयेत. वीजवाल्याकडची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दुहेरी तार दहा मीटरपर्यंत निवांत चालते. काळजी घ्यायची ती लाल-काळ्याची. एका स्पीकरला तारा उलट लागल्या तर दोघे एकमेकांचा खर्ज खातात, आणि आवाज कुठून येतो तेच कळत नाही.

आणि मग जून येतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि पूर्वेला तळेगावकडे सरकावं तसा तो झपाट्याने कमी होतो. पवन मावळात, नाणे मावळात वरच्या अंगाला पत्र्याच्या घरात जोराची सर आली की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. सिनेमाचा आवाज मिसळताना कुजबुज आणि स्फोट यांच्यात मुद्दाम मोठं अंतर ठेवलेलं असतं. थिएटरात शिखरं १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतात. पत्र्याखाली यातला खालचा निम्मा भाग पाऊसच झाकतो. कुजबुज ऐकायला आवाज वाढवावा तर पुढच्या प्रसंगात पोरं दचकून उठतात. यासाठी बहुतेक संचांत ‘नाइट मोड’ असतो. तो मोठे आवाज दाबतो आणि लहान उचलतो. तो शहरातल्या रात्रींसाठी केलेला असला तरी मावळात त्याचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर. सोबत मधला स्पीकर तीन-चार डेसिबलने चढवावा. पत्र्याखाली प्लायवूडचं छत करून मधल्या पोकळीत जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांऐवजी खनिज लोकर भरली तर पाऊस आणखी मंदावतो, पण तो खर्च या बजेटबाहेरचा.

संच बसला की चाचणीला पावसाचेच सिनेमे घ्यावेत. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्ये कोकणातला पाऊस आहे, राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये तर तो थांबतच नाही. चांगल्या मांडणीत हा पाऊस खोलीभर पसरतो आणि संवाद त्याच्या पुढे उभे राहतात. पाऊस आणि संवाद एकाच डब्यातून आल्यासारखे वाटले तर आधी तारा आणि टीव्हीचं सेटिंग तपासावं. ही चाचणी कोरड्या दिवशी करावी हे सांगायला नको.

चित्राचं थोडक्यात. ४३ इंची पडदा सहा फुटांवरून आणि ५५ इंची साडेसात फुटांवरून थिएटरसारखा डोळ्यांत भरतो. त्याहून लांब बसून मोठा टीव्ही घेण्यापेक्षा सतरंजी पुढे ओढावी, ती फुकट आहे. दुकानातलं भडक ‘व्हिव्हिड’ काढून ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’ लावावं.

प्रोजेक्टरचा मोह मात्र जपून आवरावा. १०० इंची चित्राची रुंदी सव्वासात फूट असते, आणि साध्या प्रोजेक्टरला त्यासाठी रुंदीच्या दीडपट, म्हणजे अकरा फूट मागे जावं लागतं. दहा फुटांच्या खोलीत तो भिंतीपलीकडेच ठेवावा लागेल. कमी अंतराचे प्रोजेक्टर महाग, आणि स्वस्तातल्यांवर छापलेले लुमेन पीएमपीओच्याच जातीचे. अॅन्सी लुमेन लिहिलेले असतील तरच विश्वास ठेवावा. पांढरी भिंत पडद्याचं काम करते हे खरं, पण लोणावळ्याच्या बाजूच्या भिंतीला ऑगस्टमध्ये ओल येते, पोपडे धरतात, आणि नायिकेच्या गालावर ते दिसतात. जाड पांढरं कापड ताणून लावलेलं बरं. बाकी अपुऱ्या पैशांत घरी सिनेमा दाखवण्याची आपली परंपरा जुनी आहे. मळवलीला रविवर्म्यांचा छापखाना होता, त्याच्यासाठी काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९०८ मध्ये लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला. पुढे छपाई सोडून ते सिनेमाकडे वळले, विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे केले, आणि १९१२ मध्ये रोप उगवतानाचं चित्रण एकेक चौकट करत टिपलं. ते दाखवून त्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळालं.

शेवटचा खर्च टिकवण्याचा. बंद बंगल्यात पडून राहिलेलं यंत्र रोज वाजणाऱ्या यंत्रापेक्षा लवकर मरतं. चालू यंत्राला स्वतःची ऊब असते, बंद यंत्राच्या सर्किटवर दमट हवा गंज आणि प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी चढवते. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी तासभर संच चालवावा, भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवावा, आणि भिंग सिलिका जेलसह झाकणाच्या डब्यात. जेलच्या पुड्या गुलाबी किंवा हिरव्या झाल्या की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात.

विजेचा भाग नाजूक. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी १९१५ पासून खोपोलीला उतरून मुंबईसाठी वीज करतं, आणि तलावाकाठच्या घरात पहिल्या वादळाला दिवे जातात. दिवे जाण्याने संच बिघडत नाही, बिघडतो ते परत येताना बसणाऱ्या झटक्याने. म्हणून दिवे गेले की बटण बंद करून ठेवावं आणि आल्यावर दोन मिनिटं थांबावं. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन खरोखर जमिनीपर्यंत पोचते का, हे वीजवाल्याकडून तपासून घ्यावं. स्पीकरमधून सतत ५० हर्ट्झची घूं ऐकू येत असेल तर केबलची तार काढून पाहावी. घूं थांबली तर केबलचं आणि घरचं अर्थिंग एकमेकांशी भांडत आहे, आणि केबलवाल्याकडून मधे आयसोलेटर बसवून घेतला की ते मिटतं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की नुसता प्लग काढून भागत नाही. वीज डिशच्या आणि केबलच्या तारेनेही आत शिरते. गडगडाट जवळ येण्याआधी प्लग, डिशची किंवा केबलची तार आणि इंटरनेटची तांब्याची तार अशा तिन्ही गोष्टी काढाव्यात. इंटरनेट काचेच्या फायबरचं असेल तर फक्त त्याच्या डब्याचा प्लग.